विहिरी आटल्या, पोहणेही आटले

मे महिन्यात यावल-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की खान्देशातल्या घरांत कोकणाचे बेत सुरू होतात. तारकर्लीला एमटीडीसीने हाऊसबोटींची सोय केली, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही तिथे उभी राहिली. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला चाळिशी-पन्नाशीचा माणूस आता दोन दिवस बोटीवर राहून येतो. सकाळी कयाकमध्ये बसून वल्ही मारतो, दुपारी पाठीवर सिलिंडर बांधून माशांमध्ये फोटो काढतो. ही हौस चांगलीच आहे. वय झाल्यावर नवा खेळ शिकणे शरीराला आणि मेंदूला हितकारकच असते. मात्र या हौशी मंडळींपैकी ज्यांना पोहता येत नाही, त्यांची संख्या मोठी असते. लाइफ जॅकेट चढवले की पोहण्याची गरज संपली, असा त्यांचा समज असतो. हा समज घेऊन ते गावी परततात आणि हतनूरच्या जलाशयावर किंवा तापीच्या एखाद्या डोहावर जॅकेट नसतानाही तेवढ्याच विश्वासाने पाण्यात उतरतात.

बोटीवर राहून पाण्यातले नवे कौशल्य शिकायचे म्हणजे काय, याचे देशातले ठळक उदाहरण कमांडर दिलीप दोंदे यांचे आहे. नौदलात पाणबुड्याचे काम केलेल्या या अधिकाऱ्याने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे काम चाळिशीच्या उंबरठ्यावर अंगावर घेतले. तोपर्यंत एकाही भारतीयाने हे केलेले नव्हते. शिकवायला देशात कोणी नव्हते, म्हणून एकट्याने विनाथांबा प्रदक्षिणा करणारे जगातले पहिले खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून त्यांनी धडे घेतले. गोव्यात ‘म्हादेई’ ही बोट बांधून झाली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी परतले. पुढे नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ बोटीतून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात अशीच प्रदक्षिणा केली. या साऱ्यांच्या तयारीत कित्येक महिने बोटीवर राहणे, लहान फेऱ्या, मग मोठ्या फेऱ्या, चुका, दुरुस्त्या हेच होते. धाडसाच्या बातमीत ही तयारी दिसत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र खरी मोलाची तीच आहे.

बोटीवर राहिल्याने शिकणे का सोपे जाते, हे शरीरशास्त्रातून समजते. उभे राहताना तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते. डोळे आजूबाजूचे दृश्य सांगतात. कानाच्या आतल्या भागातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे अवयव डोक्याची हालचाल सांगतात. पायाचे तळवे, घोटे, गुडघे आणि मानेचे स्नायू शरीराची ठेवण सांगतात. जमिनीवर या तिघांचे एकमत असते. बोटीच्या खोलीत बसल्यावर डोळे म्हणतात, भिंत स्थिर आहे; कान म्हणतो, सगळे हलते आहे. या विसंवादातून मळमळ, घाम, जांभया आणि उलट्या सुरू होतात. बोट लागणे म्हणतात ते हेच. यात पोटाचा दोष नसतो, मनाचा कमकुवतपणाही नसतो. मुरलेल्या खलाशांनाही वादळात बोट लागते.

दोन-तीन दिवस बोटीवर राहिले की बहुतेकांच्या मेंदूचा हा हिशेब जुळतो. लाट येण्याआधीच गुडघे किंचित वाकतात, कंबर सैल होते. गंमत म्हणजे किनाऱ्यावर उतरल्यावर काही तास जमीनच हलल्यासारखी वाटते, कारण मेंदू अजून लाटेचा हिशेब करत असतो. बोट लागू नये म्हणून उघड्या डेकवर, बोटीच्या मध्यभागी बसावे. दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. मोबाइलमध्ये डोके घालू नये. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. गोळी घ्यायचीच असेल तर ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती घेऊन पोहायला किंवा वल्हवायला जाऊ नये आणि तिच्या जोडीला मद्य तर मुळीच नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

दुसरा फायदा सरावाचा. एका दिवशी सहा तास घाम गाळण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास केलेला सराव अंगी जास्त मुरतो. दिवसा शिकलेल्या हालचाली रात्रीच्या झोपेत मेंदू पक्क्या करतो. बोटीवर राहणाऱ्याला पाणी दाराशी असते, त्यामुळे थोडे शिकावे, थांबावे, झोपावे, पुन्हा शिकावे हा क्रम आपोआप पाळला जातो. सहलीला गेलेला माणूस नेमका उलटा वागतो. पैसे वसूल करायचे म्हणून एकाच सकाळी सगळे खेळ उरकतो. मग खांदा धरतो, पाठ आखडते, उन्हाने कातडी सोलवटते आणि थकलेल्या अवस्थेत शेवटच्या फेरीत अपघात होतो.

पन्नाशीनंतर शिकता येते का, असे पुष्कळजण विचारतात. येते. कानातल्या तोलाच्या यंत्रणेची धार वयाबरोबर थोडी कमी होते, स्नायू हळू प्रतिसाद देतात, म्हणून वेळ जास्त लागतो एवढेच. मात्र हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा किंवा फिट्स असतील तर आधी तपासणी हवी. फिट्स येणाऱ्याने एकट्याने कधीच पाण्यात उतरू नये. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर पाण्यातल्या श्रमाने एकदम उतरू शकते, म्हणून जवळ साखर आणि सोबतीला जाणता माणूस पाहिजे. स्कूबा करणाऱ्याने सर्दी असताना खोल जाऊ नये. दहा मीटर खोलीवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बंद झालेल्या कानाचा पडदा फाटू शकतो. वर येताना श्वास रोखून धरणे तर फुप्फुसासाठी घातक असते.

आता मूळ मुद्दा. बोटीवरच्या माणसाला पाण्याची सवय होते, तोल येतो, वल्हे हाती बसते. पण यातले काहीही पोहण्याची जागा घेत नाही. वर्षानुवर्षे बोटीवर काम करूनही पोहता न येणारे लोक जगभर आढळतात. आणि पोहता येणाऱ्यालाही निसर्ग सवलत देत नाही. कमांडर अभिलाष टॉमी हे देशातले सर्वांत अनुभवी शिडाचे खलाशी. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची बोट उलटीपालटी झाली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि मदत येईपर्यंत ते बोटीतच पडून होते. संदेश पाठवण्याची साधने शाबूत होती, म्हणून त्यांचा ठावठिकाणा लागला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी पुन्हा उभारी घेतली आणि २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. त्यांचे धैर्य मोठे आहेच. त्या धैर्यामागे शिस्त, साधने आणि प्रशिक्षण होते, हे विसरून चालणार नाही.

खान्देशाला यासाठी दूर समुद्रात पाहण्याचीही गरज नाही. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदाकाठचे पाडे पाण्याने वेढले गेले. तिथे आरोग्य विभागाचे तरंगते दवाखाने चालत आले आहेत आणि कर्मचाऱ्यांचा मुक्कामही बोटीवर पडतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव २०२० मध्ये देशभर झाले. करोनाच्या भीतीने गर्भवती माता आणि लहान मुले अंगणवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी एका मच्छीमाराची छोटी नाव मागून घेतली. सुमारे १८ किलोमीटर स्वतः वल्हवत त्या अलिगाट आणि दादर या पाड्यांपर्यंत जात आणि बाळांची वजने करून पोषण आहार देत. हे त्यांना जमले, कारण नदीकाठी वाढल्यामुळे पोहणे आणि नाव चालवणे त्यांना लहानपणापासून येत होते. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक सगळ्यांनी केले. पण पोहणे हे आरोग्यसेवेचे साधन ठरले, हा धडा मात्र कोणी घेतला नाही.

यावल तालुक्यातही एकेकाळी पोहणे घरोघरी होते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या कसदार जमिनीत तुडुंब भरलेल्या विहिरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांच्या पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि दोराचे टोक काठावरच्या काकाच्या किंवा मामाच्या हाती द्यायचे. आठवडाभराने डबा सुटायचा, पंधरा दिवसांनी दोर सुटायचा. या पद्धतीत आधुनिक प्रशिक्षणाचे जवळपास सगळे घटक होते. तरंगण्याचे साधन होते, लक्ष ठेवणारा मोठा माणूस होता, बचावाचा दोर होता आणि रोजचा थोडा सराव होता. उणीव एकच होती. मुलींना बहुतेक घरांत या विहिरीत उतरूच दिले जात नसे.

मग केळी वाढली, उपसा वाढला, भूजल खोल गेले. विहिरी कोरड्या पडल्या आणि त्यांची जागा ट्यूबवेलने घेतली. सहा-आठ इंची पाइपात पोरगा पोहायला शिकत नाही. पाणी मात्र दुसऱ्या रूपात आले आणि पूर्वीपेक्षा धोकादायक होऊन आले. १९८२ मध्ये हतनूर धरण झाले, कालवे आले, तापीवर बंधारे आले, शिवारात शेततळी आली. विहिरीला निदान पायऱ्या असत किंवा बांधकामात पाय ठेवायला दगड असे. कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर शेवाळ असते आणि हाताला काही लागत नाही. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की चांगला पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. नदीपात्रात वाळू उपसलेल्या खड्ड्यांमुळे गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो. थोडक्यात, पोहणे न येणारी पिढी आणि बाहेर पडता न येणारे पाणी यांची एकाच काळात गाठ पडली. दर उन्हाळ्यात, गणेश विसर्जनात आणि पोळ्याला बैल धुण्याच्या दिवशी येणाऱ्या बातम्या या गाठीतून येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. भारतातही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत दरवर्षी ३० हजारांहून अधिक मृत्यू बुडण्याने होतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी जाहीर केला. इतके मृत्यू एखाद्या तापाने झाले असते तर गावोगावी फवारणी झाली असती, पथके आली असती. बुडणे मात्र नशिबाच्या खात्यावर टाकले जाते. पाण्याची ओढ होती, वेळ आली होती, असे म्हणून विषय संपतो.

बुडणे कसे होते याबद्दलही गैरसमज आहेत. सिनेमात बुडणारा हात हलवतो, ओरडतो. प्रत्यक्षात तो बहुधा गप्प असतो. श्वासासाठी धडपडणाऱ्याला ओरडायला हवा उरत नाही. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीवर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, आणि मिनिटभरात सगळे शांत. काठावरच्यांना वाटते, मजेत डुंबतो आहे. ते पाहून कोणी उडी घेतलीच, तर बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. भाऊ भावामागे, आई लेकरामागे जाते ती अशी. म्हणून नियम असा की पोहोचवा, फेका, पण उडी घेऊ नका. लांब बांबू, गाठी मारलेली साडी, बैलाचा कासरा, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन, गाडीची ट्यूब, यातले काहीही काठावरून देता येते.

बाहेर काढल्यावर आणखी चुका होतात. पोट दाबून पाणी काढायचे, उलटे टांगायचे, गरगर फिरवायचे. यात मौल्यवान मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अलीकडे मोबाइलवर एक संदेश फिरतो की बुडालेल्याला मिठात पुरून ठेवले तर तो जिवंत होतो. हे धादांत खोटे आहे. मीठ शरीरातले पाणी शोषून प्राण परत आणत नाही. दुःखात वेड्यापिशा झालेल्या आईबापांना ते तासन्‌तास खोट्या आशेवर मात्र बसवते. प्राणवायूविना मेंदूला चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. म्हणून श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगून तिथेच काम सुरू करायचे. बुडालेल्याला सर्वांत आधी श्वासाची गरज असते. शिकलेल्या माणसाने आधी तोंडाने श्वास द्यावेत आणि नंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावेत, दर ३० दाबांनंतर २ श्वास. श्वास देता येत नसतील तर निदान छातीवरचे दाब थांबवू नयेत. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. बांगलादेशात मुलांच्या बुडण्याचे प्रमाण भयावह होते. तिथे गावच्या तळ्यात बांबूचे कठडे आणि फळ्यांचा मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवण्याचा कार्यक्रम राबवला गेला. तीन गोष्टी शिकवल्या गेल्या: २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणे. शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. जागतिक आरोग्य संघटनेनेही शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणे, धोक्याच्या पाण्याला कुंपण घालणे आणि गावकऱ्यांना बचावाचे व प्रथमोपचाराचे शिक्षण देणे यांचा पुरस्कार केला आहे.

हेच यावल, रावेर, चोपड्यात का होऊ नये? तरणतलाव बांधण्याची वाट पाहायची गरज नाही. पाचवी-सहावीच्या मुलामुलींसाठी उन्हाळ्यात पंधरा दिवस, सकाळी एक तास, कमरेएवढ्या स्थिर पाण्यात बांबूने आखलेली जागा आणि प्रत्येकाला तरंगण्याचे साधन, एवढे पुरे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि स्त्री प्रशिक्षक असावी. शिकवणारे शोधायला लांब जायला नको. तापीकाठच्या भोई आणि कोळी वस्त्यांमध्ये पट्टीचे पोहणारे तरुण आहेत. आज कोणी बुडाले की पोलीस पाटील त्यांनाच बोलावतो, मृतदेह शोधायला. माणूस बुडू नये म्हणून शिकवायला त्यांना कोणी बोलावत नाही. त्यांना आठवड्याचे रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मानधन दिले, तर त्यांचे कौशल्य जिवंत माणसांच्या कामी येईल. ग्रामपंचायत, शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे. शेततळ्याला अनुदान देताना कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर यांची सक्ती झाली आणि ती जागेवर तपासली गेली, तर तोही खर्च नगण्य आहे.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. पोहायला शिकवले की पोरे जास्त धाडस करतात, पाण्याकडे धावतात. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. म्हणूनच पोहण्याबरोबर पाणी ओळखायला शिकवायचे असते: कुठे उतरू नये, एकट्याने का जाऊ नये, प्यालेल्याला पाण्याजवळ का फिरकू देऊ नये. न शिकवल्याने मुले पाण्यापासून लांब राहतात, असे मात्र कुठेच दिसत नाही. ४५ अंशांच्या उन्हात कालवा वाहत असताना दहा वर्षांचे पोर लांब राहणारच नाही. प्रश्न एवढाच उरतो की ते शिकून उतरेल की न शिकता.

मोठ्यांसाठीही हाच क्रम लागू आहे. कोकणात, गोव्यात, बोटीवर जरूर राहावे. कयाक शिकावी, शिडाची बोट शिकावी, साठीतही शिकावी. पण तिकीट काढण्याआधी महिनाभर जवळच्या तलावात जाणत्याच्या देखरेखीखाली तरंगायला शिकावे. पोहता येत असले तरी जॅकेट घालावे, त्याचे सगळे पट्टे आवळावेत, आणि वल्हवून दमलेल्या हातांनी शेवटची फेरी मारू नये. पुढच्या वेळी शेततळ्याच्या अनुदानाचा, नव्या बंधाऱ्याचा किंवा जलाशयावरच्या नौकाविहाराचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा एक साधा प्रश्न उभे राहून विचारावा: या पाण्याकाठच्या गावातल्या किती मुलामुलींना पोहता येते? उत्तर माहीत नसेल, तर आधी ती मोजणी व्हावी आणि मग बोट पाण्यात सोडावी.